नाण्यांवर पुन्हा पुन्हा चरे, काळी झाक, हिरवा चिकटा? आधी खाली काय अंथरलंय ते बघा

नाणं कडेनेच धरता, अल्बम चांगला घेतलाय, कपाटात सिलिका जेलही आहे. तरी दर वेळी नाणी काढून, लावून, परत ठेवली की पुढच्या खेपेला काहीतरी नवीन दिसतंच. कधी चकचकीत मोकळ्या भागावर केसासारखे चरे, कधी चांदीच्या रुपयाच्या एकाच बाजूला तपकिरी-काळी झाक, कधी तांब्यावर हिरवट चिकटा. संशय लगेच अल्बमवर जातो. तो कधीकधी खराही असतो. पण नाणं सरकतं, उलटतं, पडतं, घासतं ते अल्बमच्या बाहेर असताना. टेबलावर खाली काय आहे यावर निम्मं नुकसान ठरतं, आणि नेमकी तीच गोष्ट शेवटी तपासली जाते.

दोष कुठल्या बाजूला आहे ते आधी बघा. अल्बमच्या कप्प्याचा दोष बहुधा दोन्ही बाजूंना सारखा दिसतो. पृष्ठभागाचा दोष खाली असलेल्या बाजूला, आणि तिथेही उठावाच्या सर्वांत उंच जागी आधी दिसतो: राजाच्या गालावर, मुकुटावर, अक्षरांच्या माथ्यावर. टेबलावरच्या दिव्याची मान वाकवून प्रकाश जवळजवळ आडवा पाडा, १० पट भिंग घ्या आणि नाणं हळूहळू फिरवा. वरून पडणाऱ्या प्रकाशात हे चरे दिसतच नाहीत.

बारीक चरे येत असतील तर

धातूंच्या कठीणपणाचा हिशेब डोक्यात ठेवला की बऱ्याच गोष्टी आपोआप सुटतात. मोह्‍स मापावर (आकडा मोठा तितका पदार्थ कठीण, आणि कठीण पदार्थ मऊ पदार्थाला ओरखडतो) चांदी आणि सोनं २.५ ते ३, तांबं ३ च्या आसपास, काच साधारण ५.५ आणि गारगोटी म्हणजे क्वार्ट्‍झ ७. स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यात क्वार्ट्‍झ असतो, म्हणून ओटा बाद. पण रस्त्यावरून आणि शेजारच्या बांधकामावरून घरात येणाऱ्या धुळीतही तोच क्वार्ट्‍झ असतो, आणि ही धूळ तुमच्या मऊ कापडातही बसलेली असते. ‘मऊ कापड म्हणजे सुरक्षित’ ही गोष्ट अर्धीच खरी आहे. कापूस चांदीला ओरखडत नाही, कापसाच्या धाग्यात अडकलेला वाळूचा कण ओरखडतो.

गुळगुळीत, कडक पृष्ठभागाचं दुखणं वेगळं आहे. सनमायकावर किंवा काचेवर सपाट पडलेलं नाणं उचलायचा प्रयत्न करा. बोटाला कडेखाली जागाच मिळत नाही. मग हात नकळत दोनच गोष्टी करतो: नखाने कड खरवडतो, किंवा नाणं टेबलाच्या काठापर्यंत ओढत नेतो. त्या ओढण्यात खालची बाजू सगळ्या धुळीवरून घासत जाते. एकाच दिशेने गेलेले समांतर चरे दिसले तर ते पुसण्यातून तरी आलेले असतात, नाही तर असे ओढण्यातून. मऊ थरावर हा प्रश्न राहत नाही. नाण्याच्या एका कडेलगत बोटाने थर जरा दाबला की समोरची कड आपसूक उचलली जाते, आणि तिथे अंगठा व तर्जनी घालून नाणं सरळ वर घेता येतं. नाणं कधीही सरकवायचं नाही, उचलायचं आणि ठेवायचं. पृष्ठभाग असा हवा की सरकवायची गरजच पडू नये.

बरेच जण कॅरम बोर्ड वापरतात, कारण चारही बाजूंना चौकट असल्याने नाणी खाली घरंगळत नाहीत. चौकटीचा विचार बरोबर आहे, बाकी सगळं चूक. तो पृष्ठभाग मुद्दाम सरकण्यासाठीच बनवलेला असतो आणि सांध्यांत पावडर साठलेली असते.

टर्किश टॉवेलचे फास धूळ धरून ठेवतात आणि धारदार कडेच्या नाण्यात अडकतात. मायक्रोफायबरची तर रचनाच कण पकडून ठेवण्यासाठी केलेली असते. भांडी किंवा गाडी पुसून झालेला तुकडा नाण्याखाली आला तर तो बारीक पॉलिश पेपरचं काम करतो. नवाकोरा, फक्त याच कामाला ठेवलेला असेल तर चालेल, पण त्यात साध्या सुती कापडापेक्षा काही जास्त मिळत नाही.

चरे वारंवार येण्याचं सर्वांत मोठं कारण मात्र कापडाची जात नसून एकाच कापडावर सगळी नाणी काढणं हे आहे. बँकेतून आणलेल्या पिशवीतली चलनी नाणी, बाजारातून घेतलेल्या मातकट शिवराया (मराठेशाहीतली तांब्याची नाणी) आणि न वापरलेला चकचकीत रुपया एकाच जागी येतात. शिवराईच्या अक्षरांच्या खाचेतली माती कापडावर गळते आणि दहा मिनिटांनी त्याच ठिकाणी चकचकीत नाणं ठेवलं जातं. उपाय सोपा आहे. दोन वेगळी कापडं, वेगळ्या रंगाच्या धाग्याने कडा शिवलेली: एक मातकट आणि चलनी नाण्यांचं, एक स्वच्छ नाण्यांचं. एकाच बैठकीत दोन्ही हाताळायची असतील तर चकचकीत नाणी आधी, मातकट शेवटी.

कापडात कण आहेत का हे ओळखायला जुनी सीडी उत्तम. तिची चकचकीत बाजू पॉलिकार्बोनेटची आणि मऊ असते. कापड त्यावर हलक्या हाताने पाच-सहा वेळा फिरवा आणि आडव्या प्रकाशात बघा. नवे चरे दिसले तर ते कापड नाण्याखाली घालू नका. शिवाय कापडाच्या कोपऱ्यावर चिकटपट्टी दाबून उचला आणि भिंगाखाली धरा. धागे दिसले तर हरकत नाही, चमकणारे टोकदार कण दिसले तर परत धुवा.

हिरवट चिकटा, तेलकट थर

इथे जवळजवळ नेहमी पीव्हीसी असतं. पीव्हीसी मुळात कडक. ते मऊ करायला त्यात प्लास्टिसायझर नावाची तेलकट द्रव्यं मिसळतात. ती हळूहळू बाहेर झिरपतात आणि प्लास्टिक जुनं होत जातं तसं त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं. तांबं किंवा तांबं मिसळलेली चांदी खाली असेल तर हिरवा चिकटा तयार होतो. पुढे त्याखाली धातू खाल्ला जाऊन बारीक खड्डे पडतात, आणि ते कधीच भरून येत नाहीत.

पीव्हीसीचे अल्बम टाळायचे हे आता सगळ्यांना माहीत आहे. पण तेच लोक नाणी लावायला बसतात ते डायनिंग टेबलवरच्या जाड पारदर्शक कव्हरवर, जे बहुतेक वेळा मऊ पीव्हीसीच असतं. रेक्झिन, हिरवी चौकटींची कटिंग मॅट, ड्रॉवरमध्ये घालायची जाळीदार न घसरणारी चटई, स्वस्तातली योगा मॅट हीसुद्धा बहुधा पीव्हीसीची असतात. कटिंग मॅट तर अगदी नाण्यांसाठीच बनवल्यासारखी वाटते, मापाच्या रेघाही असतात, म्हणून तिचा मोह जास्त.

तासभर ठेवल्याने लगेच नाणं कुजत नाही. पण तेलकट थराचा अंश नाण्याला लागतो आणि ते नाणं तसंच बंद कॅप्सूलमध्ये (एका नाण्याच्या पारदर्शक डबीत) जातं. त्याहून वाईट म्हणजे ‘उद्या पुढचं लावू’ म्हणून नाणी रात्रभर, आठवडाभर तिथेच राहतात.

प्लास्टिक कोणतं हे कळत नसेल तर दोन चाचण्या आहेत. कोपऱ्याचा नखाएवढा तुकडा पाण्यात पूर्ण बुडवून सोडा, बुडबुडे चिकटू देऊ नका. पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन वर तरंगतात, पीव्हीसी तळाला जातं. मात्र पॉलिएस्टरही बुडतं, म्हणून बुडलं की दुसरी चाचणी करायची. उघडी तांब्याची तार पक्कडीत धरून गॅसच्या ज्योतीत लाल होऊ द्या, ज्योतीतला हिरवा रंग पूर्ण जाईपर्यंत. मग गरम तार प्लास्टिकला टेकवा, लागलेला कणभर अंश परत ज्योतीत धरा. ठळक हिरवी ज्योत आली की त्यात क्लोरीन आहे. खिडकी उघडी ठेवा, कणभरच जाळा, वास घेऊ नका. फोमच्या तुकड्याला पहिली चाचणी लागू पडत नाही. आतल्या हवेमुळे पीव्हीसीचा फोमही तरंगतो.

चिकटा आधीच आला असेल तर शुद्ध ॲसिटोन. नेलपॉलिश रिमूव्हर नको. त्यात सुगंध, रंग आणि तेल असतं. काचेच्या वाटीत तळाला धुतलेल्या सुती कापडाचा तुकडा घाला, त्यावर नाणं ठेवा, बुडेल इतकं ॲसिटोन ओता आणि काचेचंच झाकण ठेवा. पाच-दहा मिनिटांनी ते ओतून काढा, ताजं घाला, नंतर नाणं उलटून परत तेच. घासायचं नाही, पुसायचं नाही, नुसतं वाळू द्यायचं. जवळ निरांजन, गॅस, उदबत्ती काहीही पेटलेलं नको. प्लास्टिकच्या वाटीत करू नका, कित्येक प्लास्टिकं ॲसिटोनमध्ये विरघळतात. चिकटा निघेल, खाली खड्डे पडले असतील तर ते तसेच राहतील.

एकाच बाजूला काळी-तपकिरी झाक

चांदी काळी पडते ती गंधकाने. लोकरीत गंधक असतं, म्हणून बनात किंवा लोकरीचा फेल्ट (बिलियर्डच्या टेबलावरचा हिरवा फेल्टसुद्धा) चांदीखाली नको. रबर टणक करायला गंधक वापरतात, त्यामुळे माउस पॅड बाद, त्याच्या वर कापड असलं तरी. लॅटेक्सचे हातमोजेही त्याच कारणाने नकोत. वर्तमानपत्र तर तिन्ही अर्थांनी वाईट: आम्ल, शाई आणि कागदातली गंधकाची संयुगं.

लाकडाबद्दल गैरसमज बराच आहे. सागवानी टेबल, जुना पाट, नाण्यांची लाकडी पेटी पाहायला सुंदर असते, पण लाकडातून ॲसेटिक आणि फॉर्मिक आम्लाची वाफ येत राहते आणि प्लायवुड-एमडीएफच्या सरसातून फॉर्मल्डिहाइड. शिशाला आणि तांब्याला ती बाधते. तासाभराच्या कामासाठी टेबल लाकडाचं असलं तर घाबरायचं कारण नाही, फक्त नाणं थेट लाकडाला लागू देऊ नका आणि बंद लाकडी खणात मुक्कामाला ठेवू नका.

सगळी ‘चांदीची’ नाणी सारखी वागत नाहीत हेही लक्षात घ्या. राणी व्हिक्टोरियाच्या १८६२ च्या रुपयापासून १९३९ पर्यंतच्या रुपयात ९१.७ टक्के चांदी आहे. १९४० ते १९४५ च्या रुपयात चांदी ५० टक्के आणि बाकीच्यात तांब्याचा वाटा मोठा. या दुसऱ्या रुपयांना गंधक आणि आम्ल दोन्ही लागतं, म्हणून खराब पृष्ठभागाची चुगली तेच आधी करतात. १९४७ चा निकेलचा रुपया त्या मानाने सोशिक.

गडद मखमलीचा ट्रे फोटोला छान दिसतो. त्यात दोन शंका: रंग आणि खालचा डिंक. ओला पांढरा कापूस मखमलीवर दहा वेळा जोरात घासा. कापसाला रंग लागला तर नाण्यालाही लागेल, विशेषतः घामट हवेत. डिंकाची परीक्षा पुढे दिलेल्या बाटलीच्या चाचणीने करा.

मग अंथरायचं काय

महागडं काही लागत नाही. लागतं ते असं: साधारण ३० × ४५ सेंमीचा, १.५ ते २ सेंमी उंच काठाचा स्टीलचा ट्रे. त्यात बसेल असा ५ मिमी जाडीचा पांढरा पॉलिएथिलीन फोम (काचसामान गुंडाळायला पॅकिंगच्या दुकानात मिळतो तोच). आणि वर ५० × ६५ सेंमीचं पांढरं, बिनछापाचं सुती कापड. गुलाबी रंगाचा फोम घेऊ नका, त्यात स्थिर वीज घालवायची रसायनं मिसळलेली असतात. काही योगा मॅटमध्ये असतो तो ईव्हीए फोमही नको, त्यातून ॲसेटिक आम्ल सुटू शकतं.

कापडात तान्ह्या बाळाच्या दुपट्याचं फ्लॅनेल सर्वांत चांगलं, नाही तर जुनी, मऊ झालेली मलमल. नव्या मांजरपाटाला खळ असते. ती काढल्याशिवाय वापरलात तर खळीची पूड नाण्याला लागते. कापड कोमट पाण्यात सौम्य द्रव साबणाने दोनदा धुवा. नीळ नको, स्टार्च नको, फॅब्रिक सॉफ्टनर नको, ब्लीच तर मुळीच नको. शेवटचं विसळणं आरओच्या किंवा डिस्टिल्ड पाण्यात. बोअरवेलच्या जड पाण्यातले क्षार कापडात वाळून बसतात. गच्चीवर धुळीत वाळत घालू नका, घरातच वाळवा. धुण्याच्या सोड्याचा अंश राहिला तर १, २, ३, ५ आणि १० पैशांच्या ॲल्युमिनियमच्या नाण्यांना तो खातो, कारण ॲल्युमिनियमला अल्कली सोसत नाही.

कापड फोमवर ताणून चारही काठांवरून खाली दुमडून घ्या, म्हणजे नाणं कुठेही स्टीलला टेकणार नाही. सुरकुती राहिली की नाणं तिच्यावर कलतं आणि शेजारच्या नाण्यावर आपटतं. नाण्यांत बोटभर अंतर ठेवा, चळत करू नका. ट्रे घसरत असेल तर खाली घडी घातलेला सुती पंचा ठेवा, ती जाळीदार चटई नको. टेबलाच्या कडेपासून ट्रे हातभर आत असावा. जुना रुपया ३०.५ मिमी रुंद आणि ११.६६ ग्रॅम वजनाचा. तो अडीच फुटांवरून फरशीवर कडेवर पडला तर खळगी नक्की, आणि कडेची खळगी ही चऱ्यापेक्षा मोठी उणीव धरली जाते.

कापड पांढरं कशाला, काळ्यावर नाणं उठून दिसतं की, असं कोणी म्हणेल. फोटोसाठी काळं घ्या. कामासाठी पांढरंच, कारण त्यावर घाण दिसते.

हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे केलेले असतील आणि खाली मऊ थर असेल तर उघड्या हाताने कडेला धरणं सुती हातमोज्यांपेक्षा बरं. हातमोज्यात पकड सुटते. हाताला घाम फार येत असेल तर बिनपावडरचे नायट्राइलचे मोजे घाला. ट्रेवर वाकून बोलू नका. थुंकीचे तुषार उडतात आणि महिन्यांनी त्यांचेच काळे ठिपके उमटतात. पंखा बंद. स्टेपल केलेले २×२ होल्डर (नाणं मधे ठेवून पिना मारलेल्या पुठ्ठ्याच्या चौकटी) ट्रेवर उघडू नका. ते बाजूला उघडा, पिना सगळ्या काढा, मोजा, मगच नाणं ट्रेवर आणा. कापडात राहिलेली एक पीन महिनाभर नुकसान करत राहते.

नव्या वस्तूवर भरवसा ठेवण्याआधी

संग्रहालयांत वापरली जाणारी ऑडी चाचणी ब्रिटिश म्युझियममध्ये १९७३ मध्ये सुरू झाली: नमुना, थोडं पाणी आणि चांदी, तांबं, शिसं यांचे चकचकीत तुकडे बंद भांड्यात ६० अंश सेल्सिअसला २८ दिवस. घरी तिची सौम्य आवृत्ती करता येते. काचेच्या दोन सारख्या बाटल्या घ्या (लोणच्याच्या नकोत). सोनाराकडून आणलेल्या शुद्ध चांदीच्या तारेचे आणि बारीक पॉलिश पेपरने उजळलेल्या तांब्याच्या तारेचे तुकडे ॲसिटोनमध्ये बुडवून वाळवा, सुती दोऱ्याने आत लटकवा. एका छोट्या काचेच्या वाटीत ओला कापूस ठेवा. एका बाटलीत मखमल, फोम, जे तपासायचं त्याचा तुकडा टाका, तारांना न लागेल असा. दुसऱ्या बाटलीत नमुना नाही, बाकी सगळं तेच. झाकणाच्या आतल्या गोल गादीत पुष्कळदा पीव्हीसीच असतं, म्हणून तोंडावर आधी ॲल्युमिनियम फॉइल लावा आणि मग झाकण. फ्रिजवर उबदार जागी चार आठवडे ठेवा. नमुन्याच्या बाटलीतल्या तारा रिकाम्या बाटलीतल्यांपेक्षा स्पष्ट काळवंडल्या तर ती वस्तू नाण्यांजवळ आणू नका. फरक दिसला नाही तर तासाभराच्या कामाला ती चालेल. तापमान कमी असल्याने कायमच्या साठवणीचा निकाल मात्र यावर देता येत नाही.

मुंबई-कोकणात पावसाळ्यात सगळंच वेगाने होतं. जून ते सप्टेंबर कापड कोरडं भासलं तरी दमट असतं. ट्रे मांडण्याआधी कापडाला बिनवाफेची गरम इस्त्री फिरवा, पूर्ण थंड झाल्यावरच नाणी काढा, आणि काम झालं की नाणी त्याच दिवशी परत. तांब्याच्या नाण्यावर फिकट हिरवी, भुरभुरीत पूड दिसली तर ती क्लोराइडची लागण असू शकते. ते नाणं वेगळ्या कागदावर घ्या, पूड कापडावर सांडू देऊ नका आणि तो कागद टाकून द्या.

लक्ष्मीपूजनाला संग्रहातली जुनी नाणी पाटावर मांडायची पद्धत काही घरांत आहे. हळदीचा डाग, कुंकवाचे कण, पंचामृताचा शिंतोडा आणि नंतर भांड्यांच्या पावडरीने किंवा चिंचेने घासणं, यात दीडशे वर्षांची झळाळी एका संध्याकाळी जाते. पूजेला सराफाकडचं नवं चांदीचं नाणं ठेवा.

प्रूफ नाण्यांना (संग्राहकांसाठी खास चकाकी देऊन पाडलेल्या) मात्र कितीही चांगला ट्रे पुरेसा नाही. त्यांचा आरशासारखा भाग स्वच्छ सुती कापडावरही चरा घेतो. ती कॅप्सूलमधूनच बघा, कॅप्सूलसकट लावा. उघडावीच लागली तर त्याच दिवशी धुतलेलं कापड घ्या, आणि कॅप्सूलचं झाकण व नाणं दोन्ही ट्रेवर ठेवून उघडा, हवेत धरून नाही.